आराम कोणाला सांगितलात?

हा केसपेपर कोणी लिहिलाय? हात वर करू नका, अक्षर मला ओळखू येतं. ‘उजवं मनगट, अंगठ्याच्या बाजूने दुखणं, अडीच महिने. निदान : डी क्वेरव्हेन. सल्ला : आराम, शेक, दहा दिवस अल्ट्रासाउंड.’ खाली सही आणि तारीख. निदान बरोबर आहे. चुकलं असतं तर मी एवढी चिडले नसते, चुकलेलं निदान दुरुस्त करता येतं. बरोबर निदान करून तुम्ही त्या बाईला रिकाम्या हाताने घरी पाठवत होतात, त्याला काय म्हणू?

व्यवसायाच्या रकान्यात ‘गृहिणी’ लिहून मोकळे झालात. राहाता तालुक्यातून दोन गाड्या बदलून आलेली बाई. एक प्रश्न विचारला असतात तर कळलं असतं, की घरी पाच संकरित गायी आहेत, मशीन नाही आणि दोन्ही वेळच्या धारा तीच काढते. शेवटी मी विचारलं. ती काय म्हणाली? “आराम करा म्हंतेत, मग धार कोन काढील? गाय काय रविवार पाळती का?” तुमच्यातले दोघं तेव्हा हसले. मी पाहिलं. त्यात हसण्यासारखं काय होतं ते उभं राहून सांगा. नाही सांगता येत? मग बसा, आणि वह्या बंद ठेवा. हे परीक्षेत येणार नाही.

तुम्ही फिजिओथेरपी शिकताय कुठे, याचा कधी विचार केलाय? अहमदनगर म्हणा, २०२४ पासून अहिल्यानगर म्हणा, इथली हातांची कामं तीच आहेत. संगमनेर, राहाता, कोपरगावात घराघरांत गोठा. पारनेर, राहुरी, नेवाशात कांदा. पाथर्डी, शेवगाव, जामखेडमधून दिवाळीच्या सुमाराला कोयता घेऊन निघणारी बिऱ्हाडं. नगर शहरात आणि संगमनेरात विड्या वळणाऱ्या बायका. या जिल्ह्यात मनगट आणि अंगठा दुखतो म्हणून कोणी समोर बसलं, तर पहिला प्रश्न ‘कुठे दुखतं’ हा नसतोच. ते तर ती दाखवतेच आहे, दुसऱ्या हाताचं बोट त्या उंचवट्यावर ठेवून. पहिला प्रश्न हा, की बाई, दिवस उजाडल्यापासून हा हात काय काय करतो? तुम्ही विचारलंत, ‘मोबाइल जास्त वापरता का?’ वर्तमानपत्राच्या पुरवणीत वाचलं असणार. तिच्या घरातला एकुलता एक मोबाइल तिचा मुलगा वापरतो.

आता शरीररचना. पहिल्या वर्षी पाठ केलीत, दुसऱ्या वर्षी विसरलात. मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला रेडियस या हाडाच्या टोकाचा जो उंचवटा हाताला लागतो, त्यावरून एक अरुंद बोगदा जातो. खाली हाड, वर घट्ट तंतूंचं छत. त्यातून दोन कंडरा जातात : अंगठा बाहेर ओढणारी ॲबडक्टर पोलिसिस लाँगस आणि अंगठा ताठ करणारी एक्स्टेन्सर पोलिसिस ब्रेव्हिस. परकराच्या नेफ्यातून नाडी जावी तशा. नेफा आटला की नाडी ओढताना अडते, गोळा होते, आणि ओढणारा जितका जोर लावतो तितकी जास्त अडते. हे चित्र डोक्यात ठेवा, कारण पुढची सगळी उपचाराची भांडणं याच्यावरच आहेत.

तुमच्यापैकी एकाने तिला सांगितलं, ‘आतमध्ये सूज आलीये, गोळीने उतरेल.’ वरून फुगवटा दिसतो हे खरं. पण १९९८ साली इंग्लंडमधल्या मंडळींनी शस्त्रक्रियेत काढलेले या बोगद्याच्या छताचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा दाह असताना ज्या पेशींची गर्दी दिसायला हवी ती दिसली नाही. दिसलं ते जाड झालेलं आवरण आणि त्यात साठलेला बुळबुळीत पदार्थ. म्हणजे झीज होऊन, घासून घासून ऊतकच बदललंय. म्हणून दुखणं थांबवणाऱ्या गोळीने दोन तास बरं वाटतं आणि सकाळी पहिल्या धारेला कळ तिथेच. ती गोळी अडीच महिने रिकाम्या पोटी चहाबरोबर चालू होती, हेही मलाच विचारावं लागलं. पोटात जळजळ होते म्हणून आणखी एक गोळी चालू होती. तीही कागदावर नाही.

आता परीक्षा. तिचा अंगठा तिच्याच मुठीत कोंडून मनगट करंगळीकडे एवढ्या जोरात वाकवलंत की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग अभिमानाने म्हणालात, ‘फिन्केलस्टाइन पॉझिटिव्ह.’ अहो, ती फिन्केलस्टाइनची परीक्षाच नव्हती! हॅरी फिन्केलस्टाइन हा न्यूयॉर्कचा शल्यविशारद. १९३० साली त्याने लिहिलं ते असं, की तपासणाऱ्याने रुग्णाचा अंगठा आपल्या हातात धरावा आणि हात करंगळीकडे न्यावा. रुग्णाने अंगठा स्वतःच्या मुठीत कोंडायचा आणि मग मनगट वाकवायचं, ही पद्धत आयकहॉफची, १९२७ सालची. दोन्हींची सरमिसळ पिढ्यान्‌पिढ्या पुस्तकांतून चालत आली आणि तुम्ही ती पाठ केलीत. फरक पडतो का? पडतो. अंगठा मुठीत कोंडून मनगट करकचून वाकवलं तर धडधाकट माणसालाही दुखतं. आत्ता करून बघा. सगळ्यांनी. हां, केलंत ना तोंड वाकडं? मग वर्गातल्या सगळ्यांचं निदान लिहू का मी?

आधी बोटाने दाबून बघायचं, उंचवट्यावरच दुखतं का. मग अंगठ्याला विरोध देऊन तो तिला वर उचलायला सांगायचा. मग हलक्या हाताने, थांबत थांबत, मनगट करंगळीकडे न्यायचं आणि कळ आली की तिथेच सोडायचं. कळ किती आली हे मोजायला जोर लागत नाही, तिचा चेहरा पाहायला लागतो. तुम्ही त्या वेळी घड्याळाकडे पाहत होतात.

आणि आता ज्याच्यासाठी मी तुम्हाला जेवायच्या सुट्टीत बसवून ठेवलंय ते. मी तिला म्हटलं, धार कशी काढता ते हवेत करून दाखवा. तिने दोन्ही हात पुढे केले, अंगठा मुडपून तळहाताच्या बाजूला आत घेतला, त्याच्यावर बोटं मिटली आणि मनगट खाली करंगळीकडे झुकवून ओढलं. तुम्ही सगळे पाहत होतात. एकाच्याही डोक्यात उजेड पडला नाही? ती आयकहॉफची परीक्षा करत होती! जी तुम्ही एकदा केलीत आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तीच परीक्षा ती रोज पहाटे आणि संध्याकाळी स्वतःच्या हाताने करते, प्रत्येक गायीला शेकडो वेळा, आणि वर जोर लावून. तिचं दुखणं कशाने झालं हे विचारायला यंत्र लागलं नसतं. ती स्वतःच दाखवत होती.

धार काढायच्या पद्धती कोणत्या, हे तुमच्यापैकी गावाकडून आलेल्यांना तरी माहीत हवं. चिमटीने सड वरून खाली ओढणं ही एक. अख्ख्या मुठीत सड धरून वरच्या बोटापासून खाली एकेक बोट मिटत जाणं ही दुसरी. आणि अंगठा मुडपून त्याच्या पेराने सड दाबणं ही तिसरी, आपल्याकडे सर्रास चालणारी. पशुवैद्यक कधीपासून सांगताहेत, की अंगठा मुडपून धार काढू नका, सडाला इजा होते, पूर्ण मुठीने काढा. ते गायीची बाजू मांडतात. मनगटाची बाजू मांडायची कोणी? ते काम तुमचं होतं. दोन्ही बाजूंचं उत्तर एकच निघतंय आणि ते फुकट आहे : अंगठा बाहेर, मूठ पूर्ण, मनगट सरळ, ओढायचं नाही, दाबायचं.

हे सांगायला सोपं आहे. पहिलारू गायीचे सड आखूड असतात, त्यात चार बोटं मावत नाहीत, मग हात आपोआप चिमटीकडे वळतो. पन्नाशीच्या बाईची तीस वर्षांची सवय तुमच्या एका वाक्याने बदलणार नाही, हेही मला कळतं. म्हणून तिला समोर बसवून, पाण्याने भरलेला रबरी हातमोजा टांगून, त्याच्या बोटाची धार काढून दाखवायची असते. एका गायीपासून सुरुवात करायची, सगळ्यात मोठ्या सडांची निवडायची. डाव्या हाताला जास्त काम द्यायचं. पाच गायी सलग न काढता मध्ये वैरण टाकायचं काम घ्यायचं. बसायचा पाट उंच करायचा म्हणजे मनगट वाकडं पडत नाही. हे सगळं कुठल्या पुस्तकात आहे, असं विचारू नका. अंगठा कुठे आहे आणि मनगट कुठे झुकलंय एवढं पाहता आलं की प्रत्येक कामाला आपलं आपण सुचतं.

विडीकडे बघा. टेंभुर्णीचं पान फर्म्यावर ठेवून कात्रीने कापायचं, तंबाखू भरायची, अंगठा आणि बोटांत वळायची, टोकं आत दाबायची, दोरा गुंडाळायचा. मजुरी हजार विड्यांमागे. नगरच्या पद्मशाली घरांतून आजीने, आईने, सुनेने हेच केलं. त्या बाईला ‘कमी वळा’ म्हणजे ‘कमी खा’. मग काय सांगाल? कोण बोलतंय मागे? ‘पट्टा देऊ.’ पट्टा बांधून विडी वळून दाखव मला. अंगठा अडकला की विडी वळत नाही. कात्री विचारा आधी! बोथट कात्रीला दुप्पट जोर लागतो आणि तो सगळा अंगठ्यावर येतो. कात्रीला धार लावून घे, पान नीट भिजवून मऊ करून घे, कापायचं काम आणि वळायचं काम आलटून पालटून कर, शक्य असेल तर कापायचं काम घरात दुसऱ्याला दे. डाळिंबाच्या छाटणीची कात्री असो, कांद्याची पात कापायचा विळा असो, तोच हिशेब. ऊसतोडीच्या कोयत्याबद्दल मी इथे बोलत नाही, कारण तिथे मनगटासकट खांदा, कंबर, गुडघे सगळंच जातं आणि तो वेगळा तास आहे.

हे दुखणं काल-परवाचं नाही. इंग्रजीतल्या ग्रे यांच्या शरीररचनेच्या ग्रंथात १८९३च्या आवृत्तीत ते धोबिणींची लचक म्हणून आलंय, कपडे पिळणाऱ्या बायकांचं. फ्रिट्झ डी क्वेरव्हेन याने १८९५ साली पाच रुग्णांची हकिगत छापली आणि त्याचं नाव चिकटलं. तो तेव्हा स्वित्झर्लंडमधल्या ला शो-द-फाँ या गावी होता, घड्याळं बनवणाऱ्यांच्या गावी. त्या धोबिणींची नावं कोणी लिहिली नाहीत. तुम्हीसुद्धा ‘गृहिणी’ लिहिलंत.

दुसरी बाई काल आली होती, बाळंतीण. माहेरी आलेली, बाळ सहा आठवड्यांचं. तिला तुम्ही म्हणालात, ‘कॅल्शियम कमी झालंय.’ कशावरून? रक्त तपासलंत? बाळंतपणानंतर पहिल्या काही महिन्यांत हे दुखणं इतक्यांना होतं, की तिला मनगट विचारायच्या आधी बाळ विचारायला हवं. ती बाळाला कसं उचलते? दोन्ही हात काखेत घालून, अंगठे ताणून, मनगट वर खेचून. दूध पाजताना डोकं कशावर टेकवते? वाकवलेल्या मनगटावर, अर्धा अर्धा तास. तिला दाखवायचं, की तळहात वर करून हात बाळाच्या खाली सरकव, वजन कोपराच्या आतल्या बाजूला घे, पाजताना मांडीवर उशी ठेव म्हणजे डोकं मनगटाने धरावं लागत नाही. तिची आई शेजारी बसली होती. ती म्हणत होती, बाळंतपणातला वात आहे, वाऱ्यात गेली म्हणून. तुम्ही त्या आईशी वाद घातलात. कशासाठी? बाळ उचलायचं अर्धं काम त्याच आईकडून करून घ्यायचं होतं! वात म्हणू दे तिला. बाळ धरू दे. बाळंतिणींचं हे दुखणं बहुतेकदा काही महिन्यांत आपोआप ओसरतं, अंगावरचं दूध सुटल्यावर तर बहुधा कमी होतं. हे वाक्य त्या मुलीला सांगितलं असतंत तर तिने रात्र रडून काढली नसती. हात कायमचा गेला, असं वाटत होतं तिला.

आता तुमच्या लाडक्या यंत्राकडे येऊ. दहा दिवस अल्ट्रासाउंड. त्या मशीनने या दुखण्यात ठोस फायदा होतो याचा पुरावा तोकडा आहे. पण समजा आहे थोडाफार फायदा. राहात्याच्या बाजूच्या खेड्यातून दहा दिवस यायचं-जायचं, दहा दिवसांची सकाळ मोडायची, भाड्याला पैसे. संध्याकाळची धार गाठायची म्हणून पळत स्टँडवर. चौथ्या दिवशी ती येणार नाही आणि तुम्ही लिहाल, ‘रुग्णाने उपचार सोडले.’ रुग्णाने नाही सोडले. तुम्ही तिच्या आयुष्यात न बसणारा उपचार लिहिलात.

पट्टा द्यायचा तर तो कसा, हेही ऐका. अंगठा आणि मनगट दोन्ही धरणारा, पण अंगठ्याचं टोक मोकळं सोडणारा. नाहीतर ती पहिल्याच दिवशी काढून कोनाड्यात ठेवते. कापडाचा वेलक्रोचा पट्टा शेणात, पाण्यात भिजला की दोन दिवसांत वास मारतो, म्हणून गोठ्यात काम करणाऱ्या बाईला धुता येईल असा प्लास्टिकचा साचा द्यायचा. आणि कधी बांधायचा ते सांगायचं : रात्री झोपताना, प्रवासात, जेव्हा हात रिकामा आहे तेव्हा. धार काढताना बांधून बस म्हणणं हा मूर्खपणा.

पट्टा एकट्याने फारसं जमत नाही, हेही तुम्हाला माहीत असायला हवं. २००३ साली अमेरिकेतल्या दोघांनी आधीच्या अभ्यासांची बेरीज मांडली. ते अभ्यास छोटे होते, एकमेकांशी नीट ताडून पाहण्याजोगेही नव्हते, म्हणून आकडे देव्हाऱ्यात ठेवू नका. पण दिशा बघा. बोगद्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन एवढंच घेतलेल्यांपैकी ८३ टक्के बरे झाले. नुसता पट्टा बांधलेल्यांपैकी १४ टक्के. आणि ज्यांना फक्त आराम आणि गोळ्या दिल्या त्यांच्यात किती? मोठ्याने सांगा. शून्य. शून्य टक्के! आणि केसपेपरवर तुम्ही सगळ्यात आधी लिहिलंत काय?

म्हणजे तिला हाडांच्या डॉक्टरकडे वेळेवर पाठवणं हे तुमच्या उपचाराचं अपयश नाही, तो उपचाराचाच भाग आहे. इंजेक्शन तुम्ही देणार नाही, पण त्याबद्दल तिला सांगायला तुमच्याइतका वेळ त्या डॉक्टरकडे नसतो. काय सांगायचं? एक, की सुई कंडरेत नाही, बोगद्यात जाते. दोन, पहिले एक-दोन दिवस दुखणं वाढू शकतं. तीन, साखरेचा आजार असेल तर काही दिवस साखर चढते. आपल्याकडे मनगट, अंगठा दुखणाऱ्या पन्नाशीच्या बाईला आधी साखर आणि थायरॉइड विचारायचंच असतं, आणि तुम्ही विचारलं नाही, ते वेगळं. आणि चार, हे मराठी मुलुखात सगळ्यात महत्त्वाचं : सावळ्या त्वचेवर इंजेक्शनच्या जागी पांढरा डाग पडू शकतो, तिथली चरबी बसून खळगा पडू शकतो. हे आधी सांगितलं नाही तर काय होतं माहीत आहे? सासू म्हणते कोड उठलं. मुलगी लग्नाची असेल तर घरात रडारड. कोड नाही ते, पसरत नाही, बहुतेकदा काही महिन्यांत रंग परत येतो. पण हे इंजेक्शनच्या आधी सांगितलं तर समजूत, नंतर सांगितलं तर सारवासारव.

एखाद-दुसऱ्या इंजेक्शनने सुटलं नाही, तर बोगद्याचं छत उघडायची छोटी शस्त्रक्रिया असते, जागा बधिर करून, त्याच दिवशी घरी. त्यातली मेख शिकून ठेवा, कारण नंतर व्यायामाला ती तुमच्याकडेच येणार आहे. काही जणांत बोगद्यात मध्ये एक पडदा असतो आणि ब्रेव्हिसला स्वतंत्र खोली असते. ती उघडायची राहिली तर टाके सुकले तरी दुखणं तिथेच. इंजेक्शन लागू न पडण्याचं एक कारणही हाच पडदा. आणि त्वचेखालून अंगठ्याच्या पाठीला संवेदना देणारा मज्जातंतू जातो, त्याला धक्का लागला तर मुंग्या, चटका. अशी बाई आली तर ‘ऑपरेशन झालंय ना, मग काय दुखतंय’ असं म्हणायचं नाही. मागच्या आठवड्यात कोणी म्हटलं, तेही मला माहीत आहे.

पुन्हा त्या धार काढणाऱ्या बाईकडे येऊ. तिने सांगितलं, की गावातल्या चोळणाऱ्या बाईकडून रोज चोळून घेत होते, एकदा बिब्बाही लावला. डाग दिसत होता मनगटावर. तुम्ही नाकं मुरडलीत. घासून जाड झालेल्या आवरणावर आणखी जोरात घासणं चूक, बिब्ब्याने कातडी भाजणं त्याहून चूक, हे तिला सांगायचंच. पण नाक मुरडायच्या आधी एक हिशेब करा. ती चोळणारी बाई तिच्या हाताला अर्धा तास देते, तिच्या गायीची चौकशी करते, सुनेची करते. तुम्ही तिला चार मिनिटं दिलीत, त्यातली दोन यंत्राच्या बटणांना.

प्रत्येक अंगठादुखी डी क्वेरव्हेन नसते, हे शेवटचं. अंगठ्याच्या बुडाशी, मनगटाच्या घडीपाशी दुखतं, बरणीचं झाकण फिरवताना कळ येते, वय साठीकडे, तर सांध्याची झीज बघा. मनगटाच्या वर चार बोटांवर दुखतं आणि हलवताना करकरल्यासारखं हाताला लागतं, तर स्नायू एकमेकांना ओलांडतात त्या जागेचं ते दुखणं, वेगळं. मोटारसायकलवरून हातावर पडला आणि अंगठ्याच्या मागच्या खळग्यात दुखतं, तर एक्स-रे चांगला आला तरी स्कॅफॉइड हे हाड मोडलं नाही असं छातीठोक म्हणू नका, पुन्हा काढा. डाळिंबाचा नाहीतर बाभळीचा काटा घुसून दोन दिवसांत हात लाल, गरम, ताप, तर तो माणूस तुमचा नाहीच, त्याच क्षणी दवाखान्यात पाठवा. आणि मनगटावर महिनोन्‌महिने मऊ फुगवटा, दुखणं थोडंच, संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरतंय, तर क्षयाची शंका घ्यायला विसरू नका. आपल्या देशात ती विसरून चालत नाही.

आता शेवटचा प्रश्न. त्या बाईबरोबर कोण आलं होतं? कोणालाच माहीत नाही. नवरा आला होता. बाहेर झाडाखाली उभा होता. त्याला आत बोलावलं का? नाही. का? रुग्ण ती आहे म्हणून! तिच्या मनगटावरचा सगळा भार उतरवायची किल्ली त्याच्या हातात होती आणि तुम्ही ती झाडाखाली उभी ठेवलीत. मी बोलावलं त्याला. विचारलं, धार काढता येते? म्हणाला, येते की, लहानपणापासून काढतोय, लग्न झाल्यावर सोडली. मी म्हटलं, आता पुन्हा धरा, सहा आठवडे संध्याकाळची तुमच्याकडे. तो ओशाळला, बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, “आमच्या मालकांच्या हाताला गाय पान्हा सोडायची नाय.” सोडेल. चार दिवस कमी देईल, मग सोडेल. तेवढं नुकसान तिच्या औषधपाण्यापेक्षा स्वस्त आहे, हे मी त्याला तोंडी हिशेब करून दाखवलं. दूध डेअरीचा हिशेब रोज ठेवणारा माणूस आहे तो, लगेच कळलं त्याला. म्हणाला, मशीनचाही विचार करतो. करेल की नाही मला माहीत नाही. पण ‘आराम’ हा शब्द मी उच्चारला नाही आणि तिला अर्धा दिवस आराम मिळाला.

तो केसपेपर फाडू नका. त्याच कागदावर खाली नवीन लिहा. व्यवसाय नीट लिहा. दिवसभराचं काम वेळेसकट लिहा, हातात काय असतं, अंगठा कुठे असतो, मनगट कुठे झुकतं. कोण कोण घरात आहे आणि कोणत्या कामाला कोण हात लावू शकतो ते लिहा. मग सल्ला. शेक लिहायचा असेल तर सगळ्यात शेवटी.

आणि उद्या पहाटे पाचला गेटपाशी उभे राहा, सगळे. एका ओळखीच्या गोठ्यावर नेणार आहे, बारा गायी आहेत, हाताने धार. ज्यांना येत नाही त्यांनी शिकायचं, ज्यांना येतं त्यांनी स्वतःचा अंगठा कुठे जातो ते बघायचं. अर्ध्या तासाने मी प्रत्येकाच्या उंचवट्यावर बोट ठेवून विचारणार आहे. नखं कापून या, आणि गायीच्या मागून जाऊ नका.